पुढं वाढवता येते

तानबा मिस्त्रीनं बांधलेलं घर हिंगणीत अन् आजूबाजूच्या पाच-सात गावांत दुरूनच ओळखू येते. स्लॅबच्या वर चारही कोपऱ्यांत सळाखी उभ्या, हात-दीड हात. पाण्यानं गंजू नये म्हणून कोणी त्याच्यावर उलट्या बाटल्या घालून ठेवते, कोणी काहीच नाई घालत. घरमालकानं कधी तरी वर मजला चढवावा म्हणून ती सोय. तीस वर्षांत तानबानं शंभराच्या वर घरं बांधली. मजला चढला दोनावर. त्यातल्या एकावर तं नुसते टिन टाकले अन् तिथं कोंबड्या बसतात.

घर बांधणारा माणूस पाया खोदतानीच इचारते, "मिस्त्री, पोरगं मोठं झाल्यावर वर दोन खोल्या काढतो म्हनतो. होईन ना?" तानबाचं उत्तर ठरलेलं. "होते ना. पुढं वाढवता येते. म्या सोय करून ठेवतो." माणूस खुश. तेवढ्या पायावर वरचा बोजा झेपते का नाई, हे तानबाले माहीत राहे. पण खोल पाया घ्या म्हटलं का घरमालकाचं तोंड उतरते, अन् वर चढवायले तं कोणी येतच नाई. मंग काऊन उगाच खरं बोलून काम घालवायचं? तानबा काही लुच्चा माणूस नव्हता. ओळंब्यात त्याच्यासारखी भिंत सेलू तालुक्यात कोणाची नाई निघायची. समोरच्याले जे ऐकायचं आहे ते सांगून टाकायचं, एवढीच त्याची खोड.

दुसरी एक खोड होती. त्याच्या कामात कोणी बोट घातलेलं त्याले खपत नसे. मागच्या उन्हाळ्यात एका घरमालकाच्या पोट्ट्यानं मोबाईल पुढं केला अन् म्हणाला, "काका, इथं दाखवते, तुमी तराई कमी करून राह्यले, भिंतीले पाणी कमी पडते." तानबानं थापी खाली ठेवली, हात धुतले अन् घरी आला. तीन दिवस गेला नाई. बाप येऊन हात जोडून घेऊन गेला. "ज्याचं काम त्याले माहीत," तानबा म्हणे. "मोबाईल पाहून भिंत उभी राह्यली असती तं म्या काऊन राह्यलो असतो उन्हात?"

त्याची पोरगी रक्षा. एकुलती. वर्ध्याले डिप्लोमा केला, तोही घरं बांधायच्या कामाचाच. नंतर तिनं कंप्युटरवर घराची चित्रं काढायचं शिकून घेतलं. घर उभं राहायच्या आधीच ते कसं दिसन, सकाळचं ऊन कोणत्या खिडकीतून येईन, अंगणात झाड लावलं तं सावली कुठं पडन, सगळं हुबेहूब. तानबानं एक चित्र पाह्यलं, पडद्याजवळ तोंड नेऊन परत पाह्यलं. मंग म्हणाला, "हे घर कुठंसं आहे?"

"कुठंच नाई बाबा. माह्या डोक्यात आहे."

नागपूरच्या एका आर्किटेक्ट बाईनं, अंकिता मॅडमनं, तिचं काम पाह्यलं अन् एक महिना पाहून घेते म्हणाली. काम घरूनच. महिना नीट गेला तं कायमचं. मशीन मात्र आपलं पाहिजे. रक्षासाठी हा महिना म्हणजे सगळंच होतं, कारण तानबानं आधीच सांगून ठेवलं होतं का नागपूरले एकटी राहायचं नाव काढायचं नाई. घरी बसून जे होईन ते कर. घरी बसून होणारं असं काम तिच्या जिंदगीत एकदाच चालून आलं होतं.

मॅडमनं मशीन कसं पाहिजे ते लिहून पाठवलं होतं. रक्षानं ते कागदावर उतरवलं अन् बापाले समजावून सांगितलं. ओट्यावर बसून, त्याच्याच भाषेत.

"हे पाहा बाबा. प्रोसेसर म्हंजे मिस्त्री. डिस्क म्हंजे गोदाम, सिमेंट-गिट्टी ठेवाची. अन् रॅम म्हंजे मसाला कालवाचा पत्रा. गोदाम केवढंही मोठं घ्या, पत्रा लहान असला तं मिस्त्री बसून राह्यते. हो का नाई?"

"बराबर."

"मले पत्रा मोठा पाहिजे. सोळा. आठात भागत नाई. अन् ग्राफिक्स कार्ड वेगळं पाहिजे. थो म्हंजे पलस्तरवाला. मिस्त्रीनंच भिंत उचलाची अन् त्यानंच पलस्तर करायचं म्हटलं तं काम कवा उरकन?"

"अन् थे बोट लावलं का पडदा चालते ते?"

"थे दाराची पितळी कडी. घर कडीवर उभं राह्यते का?"

तानबा हसला. सखूले, म्हणजे बायकोले, हाक मारून म्हणाला, "आयकलं का वं? पोट्टी मिस्त्री झाली तुही." त्याले सगळं समजलं होतं. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण नंतर लोक म्हणत, अडाणी माणूस, त्याले काय कळते लॅपटॉपातलं. त्याले कळलं होतं.

वर्ध्याले जायच्या दिवशी सखूचा मोठा भाऊ अण्णाजी सोबत आला. अण्णाजी वर्ध्यात एका ऑफिसात बाबू. वीस वर्षांपासून कंप्युटरपुढं बसते, म्हणून घरात त्या विषयावरचा शेवटचा शब्द त्याचा. दुकान त्याच्याच ओळखीचं. दुकानवाला कुंदन, पस्तिशीतला, गोड बोलणारा. त्यानं दोन लॅपटॉप काउंटरवर मांडले. किंमत जवळपास सारखीच, पंचावन्न हजाराच्या आसपास.

एक जाडा, काळा, अडीच किलोचा. सुरू केला का आतला पंखा घरघरे. बॅटरी दोन तासांच्या वर जात नाई, हे कुंदननंच सांगून टाकलं. पण रॅम सोळा, कार्ड वेगळं. दुसरा पतला, चांदीसारखा, एका हातानं उघडणारा. बोट लावलं का चालणारा. डिस्क दुप्पट. रॅम आठ. कार्ड नाई.

अण्णाजीनं जाडा उचलून पाह्यला. "हे काय आहे, इस्त्री?"

कुंदन हसला. तानबाही हसला.

"मामा, मले हाच पाहिजे," रक्षा म्हणाली.

"अवं पन याच्या प्रोसेसरवर पाच लिव्हलं आहे. त्याच्यावर सात. दिसते ना?"

"थो सात पतल्यातला आहे मामा. हा पाच जाड्यातला आहे. याची ताकद जास्त."

"साताहून पाच मोठा?" अण्णाजीनं कुंदनकडं पाह्यलं. "कोन्या शाळेत शिकली वं तू? आमच्या टायमाले तं उलटं होतं."

परत हसणं झालं. रक्षा हसली नाई. तिनं कागद काढला अन् बापाच्या हातात दिला. तानबानं तो वाचला. सोळा हा आकडा त्याले दिसला, कार्ड दिसलं. मंग त्यानं पतल्याच्या झाकणावरून हात फिरवला, पलस्तर पाहते तसा, अन् कुंदनले इचारलं, "हे घेतलं तं याच्यात रॅम पुढं वाढवता येते का?"

"होते ना काका. कवाही या. दहा मिनिटाचं काम."

"बाबा, याची रॅम बोर्डावरच चिटकवलेली राह्यते," रक्षा म्हणाली. "वाढत नाई. म्या पाह्यलं आहे."

"कुठं पाह्यलं ताई?" कुंदननं मजेनं इचारलं. "मोबाईलवर?"

तिथं काम बिघडलं. मोबाईल म्हटल्याबरोबर तानबाचं तोंड बदललं. त्याले उन्हाळ्यातलं ते पोट्टं आठवलं असन. दुकानदारापुढं आपली पोरगी दुकानदाराचंच काम त्याले शिकवून राह्यली, याचीच त्याले लाज वाटली.

"ज्याचं दुकान त्याले माहीत नाई अन् तुले माहीत?"

"बाबा..."

"थो म्हनते ना वाढते. आता हा घेऊ, दिवाळीले रॅम टाकू. एकाच टायमाले सारं पाहिजे का मान्साले?"

खरं म्हणजे कुंदनचं ते वाक्य तानबाले ओळखू यायले पाहिजे होतं. तीस वर्षं त्यानं तेच दुसऱ्याले ऐकवलं होतं, आवाजही तोच, घाईही तीच. पण गिऱ्हाईक म्हणून उभं राह्यलं का माणूस बहिरा होते.

पतला घरी आला. सखूनं हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. गल्लीतल्या बाया पाहून गेल्या. बोट लावलं का पान पलटते हे आनंदाबाईनं चार वेळा करून पाह्यलं अन् म्हणाली, "कसा आरशासारखा आहे वं." अण्णाजीनं फोनवर दोघा-तिघांले सांगितलं का आपल्या पसंतीचा आहे.

पहिलं काम आठ दिवसांत झालं. एका फ्लॅटचा हॉल अन् सैपाकघर. लॅपटॉप गरम व्हायचा, मधी मधी थांबायचा, पण झालं. मॅडम म्हणाली, "छान." दुसरं काम बोर धरणाकडच्या एका फार्महाऊसचं. घर उभं झालं तोवर ठीक होतं. रक्षानं झाडं लावायले सुरुवात केली अन् मशीन बसलं. एक मोह लावला, थांबलं. दुसरा लावला, पडदा पांढरा. बंद करून सुरू करायचं अन् परत तिथूनच. तिनं झाडं कमी केली. पानं कमी केली. सावल्या काढून टाकल्या. शेवटी काम दीड दिवस उशिरा गेलं, अन् गेलं ते असं का त्यात घर होतं पण ऊन नव्हतं.

मॅडमचा फोन आला. चिडून बोलली नाई. "रक्षा, तुझी नजर चांगली आहे. पण हे मशीन चालणार नाही. रॅम वाढव नाहीतर मशीन बदल. पुढचं काम मोठं आहे, क्लायंट बावीस तारखेला येणार आहे. त्यावरच ठरवू आपण."

हातात सतरा दिवस होते.

रक्षा बापाले म्हणाली, "बाबा, दिवाळीपर्यंत नाई थांबता येत. आत्ताच टाकून आना लागते."

"रविवारी जातो. मीच घेतला, मीच जातो." सोबत येते म्हणाली तं नको म्हणाला.

रविवारी तानबा लॅपटॉप सखूच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून वर्ध्याले गेला. कुंदननं पाठीमागचे बारके स्क्रू काढले, झाकण बाजूले केलं अन् पंख्याशेजारी काळे चौकोन दाखवले. "हे पाहा काका. हे बोर्डावरच बसवून येतात. याच्यात जागाच नाई दुसऱ्याची."

तानबा वाकून पाहत राह्यला. कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्लॅबमधी गेलेला लोहा काढता येत नाई हे त्याले कोणी शिकवावं?

"तू म्हनला होता, वाढते."

"म्हनलो असन काका." कुंदन स्क्रू परत बसवत होता. "पन्नास लोक इचारतात. वाढवाले वापस येत कोनी नाई. म्हनून देतो आपलं."

"मंग थो तवाचा जाडा..."

"थो गेला विकून."

कुंदननं चहा सांगितला. तानबानं तो चहा प्याला. भांडायचं म्हणून गेलेला माणूस चहा पिऊन, "बरं, येतो" म्हणून पायऱ्या उतरला. पन्नास लोक इचारतात, वापस कोणी येत नाई. याच्यावर तानबा मिस्त्रीनं कोणत्या तोंडानं भांडावं?

रक्षा दारातच उभी होती. "टाकली?"

इथं खरं सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पोरीनं दुकानात जे सांगितलं होतं तेच परत म्हणायचं होतं, एवढंच. तानबानं चपला काढल्या, पाणी मागितलं, पाणी पिऊन झालं अन् म्हणाला, "पार्ट नाई सध्या त्याच्यापाशी. मागवला आहे त्यानं. आठ-दहा दिवसात येते म्हने."

"म्हंजे बसते याच्यात?"

"बसते ना."

रक्षा बापावर खुश झाली. आपणच चुकीचं वाचलं असन म्हणाली. आठ-दहा दिवस म्हणजे बावीसच्या आत.

मंगळवारी तिची कॉलेजातली मैत्रीण ज्योत्स्ना सेलूहून आली. ज्योत्स्नाले एका खाजगी शाळेत नोकरी लागली होती, अन् तिच्यापाशी भावाचा जुना लॅपटॉप होता, जाडा, रॅम सोळा, कार्डवाला. "माह्या खांद्याची वाट लागली याले वाहून वाहून," ती म्हणाली. "मले वर्गात दाखवाले काई तरी हलकं पाहिजे. तुले पटत असन तं बदलून घे. माहा घेऊन टाक, तुहा दे. वरून काई नोको." ती खरंच बोलत होती. तिले त्या चांदीच्या पतल्याचा मोह पडला होता.

रात्रीच्या जेवणाले रक्षानं हे काढलं.

तानबाचा घास हातातच राह्यला. सखू म्हणाली, "नवीन वस्तू देऊन कोनी जुनी घेते का? लोक काय म्हनतीन, फिरवून देला म्हनतीन."

"बाबा, तुमी सांगा."

तानबानं घास तोंडात घातला. चावला. "काऊन बदलतं?" तो म्हणाला. "पार्ट येऊनच राह्यला."

सखू परत भाकर वाढायले उठली. तिले काहीच माहीत नव्हतं.

रक्षानं ज्योत्स्नाले फोन करून नाई सांगितलं. ज्योत्स्नानं दोन दिवस वाट पाह्यली अन् दुसरीकडं बदल करून टाकला.

मंग रक्षा रोज इचारे, "फोन आला का त्याचा?" तानबा रोज काही तरी सांगे. गाडी अडकली म्हणे. नागपूरवरून निघाला म्हणे. त्या दिवसांत तो सकाळी लवकर कामावर जाई अन् उशिरा येई. श्रावण नावाचा त्याचा मजूर सांगे, "मिस्त्री आजकाल भिंत पाडून परत उचलते. अर्ध्या इंचाचा फरक नाई खपत." मोठं काम आलं होतं, बारा घरांची रांग, मधी बगीचा. रक्षानं एकेक घर वेगळं काढलं, वेगळं साठवलं, जोडायचं तेवढं ठेवलं. पार्ट आला का जोडू. एकवीस तारखेले दुपारी तिनं पार्टाशिवायच जोडायले घेतलं. चौथ्या घराले मशीन बसलं. बावीसले सकाळी तिनं मॅडमले आठ सुटी घरं पाठवली. जोडायले घेतलेली चार परत उघडलीच नाई.

दुपारी मॅडम फोनवर म्हणाली, "क्लायंटला मी काय दाखवू सांग?" अन् थोडं थांबून, "मी दुसऱ्याला दिलं ते काम. वाईट वाटून घेऊ नकोस."

रक्षानं फोन ठेवला अन् दुसरा लावला, दुकानात. तिचं म्हणणं एवढंच होतं का आता तरी पार्ट येऊन जाऊ द्या, पुढच्या कोणत्या कामाले तरी पुरन.

"कोनता पार्ट ताई?" कुंदन म्हणाला. "याच्यात काईच बसत नाई. तुमच्या बाबाले तं त्या रविवारीच खोलून दाखवलं म्या. चहा पिऊन गेले ना."

तानबा संध्याकाळी आला तवा ती ओट्यावरच बसून होती. तो मोरीपाशी हातापायाचं सिमेंट धुवायले वाकला.

"बाबा, तुमाले रविवारीच माहीत होतं."

तानबा पाणी घेत राह्यला. "तुले वाईट वाटन म्हनून..."

"ज्योत्स्ना मंगळवारी आलती."

"माह्या ध्यानात..."

"तुमच्या ताटापाशी बसून इचारलं म्या."

सखू आतून आली. "काय झालं? बापाले असं बोलते का?"

"म्या काय बोलली?" रक्षा म्हणाली.

अन् ती खरंच काही बोलली नाई, त्या दिवशीही नाई अन् नंतरही नाई. आरडली असती, लॅपटॉप आपटला असता तं तानबाले सोपं गेलं असतं. अण्णाजी आला, त्यानं दुकानदाराले शिव्या घातल्या अन् आपण आधीच दोन दुकानं फिरू म्हटलं होतं असं सांगितलं, जे कोणी म्हटलं नव्हतं. रक्षानं त्यालेही चहा आणून दिला.

पुढच्या सोमवारी तिनं मॅडमले फोन केला. ऑफिसात येऊन बसायची जागा होती एक. थ्रीडीची, म्हणजे घराची चित्रं काढायची, नाई. दुसऱ्यांनी काढलेली चित्रं छापायची, फायली लावायच्या, गिऱ्हाईक आलं का दाखवायच्या. पगार निम्म्याच्या खाली. रक्षा हो म्हणाली. घरी सांगितलं, इचारलं नाई. तानबानं तोंड उघडलं होतं, नागपूर नाई म्हणायले, वर्षभर तेच म्हणत आला होता. पोरीनं त्याच्याकडं पाह्यलं अन् तो तिच्या पिशवीचा बंद बांधू लागला.

लॅपटॉप तिनं नेला नाई. सखूनं तो कपाटात, साड्यांच्या थप्पीवर ठेवला. आनंदाबाई कधी आली का पाहायले मागते.

आता सात महिने झाले. रक्षा रविवारी दुपारी फोन करते, आईच्या फोनवर. जेवली का, डबा कसा आहे, खोलीवाली बाई बरी आहे का, हे सगळं होते. तानबा तवा घरीच राह्यते. रविवारचं काम त्यानं बंद केलं आहे, हे गावात सगळ्यांले दिसते. तो बाजेवर बसून सखूच्या तोंडाकडं पाहते. बोलणं संपत आलं का सखू म्हणते, "थांब, बाबाले देते."

"राहू दे," तिकडून येते. "बस आली माही."

रविवारी, दुपारी, दर वेळेस.